फोडणीच्या तेलाचा हिशेब

बियाणे मोजून घेतल्याशिवाय शेतकरी पेरणीस लागत नाही. खत एकराच्या हिशेबाने दिले जाते आणि फवारणीचे औषध टोपणाच्या मापाने पंपात घातले जाते. त्याच घरातील चुलीपाशी मात्र तेलाची किटली तिरपी होते आणि धार थांबते ती केवळ हाताच्या सवयीने. वास्तविक स्वयंपाकघरातील सर्व जिनसांत तेलाइतकी दाट शक्ती दुसऱ्या कशातही नाही, आणि शिजल्यावर तेलाइतका डोळ्यांआड होणारा जिन्नसही दुसरा नाही.

अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ती उष्मांकांत, म्हणजेच कॅलरीत, मोजतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेलापासून ९ मिळतात. चहाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते, त्याचे ४० उष्मांक झाले. पाऊणशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी सुमारे २५० उष्मांक देते. म्हणजे सहा चमचे तेल आणि एक भाकरी यांची शक्ती जवळजवळ सारखी. भाकरीने पोट भरते व ती खाल्ल्याचे स्मरण राहते. सहा चमचे तेल वांग्याच्या भाजीत जिरून जाते. घाण्याचे तेल 'हलके' असते, अशी एक समजूत आहे. तेल शेंगदाण्याचे असो, करडईचे असो वा सोयाबीनचे, घाण्याचे असो वा कारखान्यातील, गुणधर्मांत फरक असेल, उष्मांकांत नाही.

हिशेब ठेवण्यास शिक्षणाची अडचण येत नाही. प्रत्येक घरची पळी निराळी असते, म्हणून मुलांच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापाने आपली पळी किती चमच्यांची आहे हे एकदा पाहून घ्यावे. त्यानंतर भाजीला किती पळ्या पडल्या एवढेच मोजावयाचे. ज्यांना रोजची मोजणी जड वाटते त्यांनी महिन्याचे तेल धरावे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे २१५ ते २२० उष्मांक पडतात. तेच ६ लिटर लागत असेल, तर माणशी ३६ ग्रॅम व ३२५ च्या वर उष्मांक होतात.

हे प्रमाण योग्य की अयोग्य, हे माणसाच्या कामावर ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशींप्रमाणे कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास रोज ४० ग्रॅम, तर बैठे काम करणाऱ्यास २५ ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरते. स्त्रियांसाठी हे आकडे ३० व २० आहेत. येथे गावाकडील बदल ध्यानात घेतला पाहिजे. मोट गेली, विजेचा पंप आला. नांगरट बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने होते. अंगमेहनत कमी झाली, परंतु कष्टाच्या दिवसांतील तर्रीची गोडी तशीच राहिली. परिषदेच्या २०२० च्या अहवालात कष्टकरी पुरुषाची रोजची गरज ३४७० उष्मांक व बैठ्या पुरुषाची २११० दिली आहे. नांगर सुटला तरी ताट तेच राहिले, तर वरचे उष्मांक पोटावर साठणारच.

परंतु घराची सरासरी काढून थांबणे पुरेसे नाही, आणि कार्यकर्त्यांची चूक बहुधा येथेच होते. 'तेल कमी करा' एवढा एकच निरोप सर्वांना दिला, तर ज्याने कमी करावयाचे तो करीत नाही आणि ज्याला जास्त हवे त्याचे मात्र काटले जाते. कालवणावरची तर्री आधी जेवणाऱ्यांच्या ताटात जाते. लहान मुलास तिखट सोसत नाही म्हणून त्याला पातळ वरण व भात कालवून दिला जातो. त्यात तेलाचा थेंबही नसतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान. दोन-चार घासांत ते भरते व शक्ती मात्र अपुरी मिळते. अशा मुलाच्या वरणभातात एक चमचा तेल वा तूप कालवल्यास घास न वाढता ४० उष्मांक वाढतात. अंगणवाडीत ज्या मुलाचे वजन वाढत नाही, त्याच्या घरी कार्यकर्त्यांनी हा चमचा अवश्य सांगावा, आणि त्याच भेटीत कढईतील एक पळी कमी करण्यास सांगावे. पैसा वाढत नाही, फक्त तेलाची वाटणी बदलते. दिवसभर खुरपणी करून शेवटी पानावर बसणाऱ्या बाईच्या ताटातही काय उरते, हे तेव्हाच पाहावे.

किटलीबाहेरचे तेलही असते. शेंगदाण्याचा जवळजवळ निम्मा भाग स्निग्ध असतो, सुके खोबरे त्याहूनही अधिक. कूट भरपूर घातलेल्या रस्स्यास वरून तेल कमी लागते. हे सुगरणीस ठाऊक असते, पण सवय ऐकत नाही.

सणावाराच्या तळणाचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, तेथे वजन करावे. कढईत ५०० ग्रॅम तेल ओतले व तळण आटोपून गार झाल्यावर ३८० ग्रॅम उरले, तर १२० ग्रॅम पुऱ्यांत गेले. सहा जण जेवले असल्यास माणशी २० ग्रॅम, म्हणजे १८० उष्मांक झाले. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीस वापरावे, पुन्हा तळणास घेऊ नये. ते ज्या दिवशी भाजीत पडेल त्या दिवशीच्या हिशेबात धरावे.