सुदान : कानावर आलेलं आणि घडलेलं

२०२३च्या एप्रिलअखेरीस सुदान आपल्या वर्तमानपत्रांत आठ-दहा दिवस ठळकपणे होता. 'ऑपरेशन कावेरी'त नौदल आणि वायुदलाने मिळून ३,८६२ भारतीयांना तिथून बाहेर काढलं. खार्टूमजवळच्या वादी सय्यिदना इथल्या अंधाऱ्या धावपट्टीवर रात्री विमान उतरवून १२१ जणांना आणलं, त्याचं कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात मोहीम संपली आणि सुदानही संपला. म्हणजे आपल्यापुरता. तिथलं युद्ध तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचं होतं.

मग २६ ऑक्टोबर २०२५ला दारफुर प्रांतातलं एल फाशेर शहर लष्कराशी लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या हाती पडलं, रस्त्यांवरचे मृतदेहांचे ढीग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले आणि सुदान पुन्हा बातम्यांत आला. बातम्यांबरोबर ऐकीव गोष्टीही आल्या.

गैरसमज : हा मुसलमान आणि ख्रिश्चनांमधला झगडा आहे

हा घोळ जुन्या युद्धामुळे होतो. १९८३ ते २००५ या काळात उत्तर आणि दक्षिण सुदान लढले, त्यात धर्माचा भाग होता. त्यातूनच ९ जुलै २०११ला दक्षिण सुदान हा वेगळा देश झाला. आजचं युद्ध उरलेल्या सुदानमधलं आहे आणि दोन्ही बाजूंचे सेनापती मुसलमानच आहेत.

एकीकडे लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान, दुसरीकडे 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' म्हणजे आरएसएफ या निमलष्करी दलाचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती. हे जन्माचे वैरी नव्हेत, भागीदार होते. पावाच्या महागाईवरून पेटलेल्या आंदोलनानंतर एप्रिल २०१९मध्ये हुकूमशहा ओमर अल-बशीरला हटवताना दोघे एकत्र होते. ऑक्टोबर २०२१मध्ये मुलकी सरकार उलथवतानाही एकत्र होते. पुढे आरएसएफ लष्करात किती काळात विलीन करायची हा प्रश्न आला. लष्कर म्हणालं दोन वर्षांत, हेमेदती म्हणाला दहा. मुदतीच्या आडून वाद होता तो सत्तेचा आणि पैशाचा. १५ एप्रिल २०२३ला तोफा सुरू झाल्या.

पण म्हणून याला वांशिक अंग नाही असं नव्हे. आरएसएफची मुळं जंजावीद टोळ्यांत आहेत. २००३पासून दारफुरमधल्या बिगरअरब जमातींची गावं जाळणाऱ्या त्या याच. २०२३मध्ये एल जिनैना शहरात मसालीत लोकांची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने नमूद केलेला अंदाज १० ते १५ हजार मृतांचा आहे, आणि तो फक्त त्या एका शहराचा.

गैरसमज : त्यांचं घरगुती भांडण, बाहेरच्यांचा काय संबंध?

सुदानमध्ये सोनं आहे. ते बहुतांश संयुक्त अरब अमिरातीत जातं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या ताब्यातलं जातं. अमिराती आरएसएफला शस्त्रं पुरवते असा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपासून अमेरिकी खासदारांपर्यंत अनेकांनी केला. अमिराती तो नाकारते. लष्कराच्या पाठीशी इजिप्त आहे, इराणी ड्रोनही त्याच्याकडे पोहोचले.

सुदानने अमिरातीला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ५ मे २०२५ला खटला निकाली निघाला आणि 'अमिराती निर्दोष' असा गवगवा झाला. न्यायालयाने तसं म्हटलेलंच नाही. वंशसंहारविरोधी करारात सामील होताना अमिरातीने एक कलम मान्य करायचं नाकारलं होतं, म्हणून हा खटला आपल्या अधिकारात येत नाही, एवढंच न्यायालयाने सांगितलं. पुराव्याची तपासणी झालीच नाही.

आणि संबंधाचंच विचाराल, तर शीतपेयात, गोळ्या-औषधांत आणि चॉकलेटात वापरला जाणारा बाभूळवर्गीय झाडांचा डिंक जगात सर्वाधिक सुदानमधून येतो. १९९७मध्ये अमेरिकेने सुदानवर व्यापारबंदी घातली तेव्हा या डिंकाला तेवढी सूट मिळाली होती!

गैरसमज : आफ्रिकेत दुष्काळ नेहमीचाच

इथे आपली भाषाच थोडी दगा देते. पाऊस न पडणं आणि माणसाला अन्न न मिळणं, दोन्हींना आपण 'दुष्काळ' म्हणतो. सुदानमधली उपासमार पावसाची नाही. निळ्या आणि श्वेत नाईलच्या मधला गेझिरा हा कालव्यांच्या पाण्यावर पिकणारा प्रचंड पट्टा आहे, देशाचं धान्याचं कोठार. डिसेंबर २०२३मध्ये आरएसएफ तिथे घुसली. गोदामं लुटली गेली, शेतकरी पळाले. लष्कराने आपल्या परीने हातभार लावला: चाडमधून मदत येणारा अद्रे नाका २०२४मध्ये कित्येक महिने बंद ठेवला. भूक हे दोघांचंही हत्यार आहे.

एल फाशेरला सुमारे १८ महिने वेढा होता. आरएसएफने शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे आत धान्य जाऊ नये आणि आतून माणूस निसटू नये. लोकांनी अखेर 'अंबाझ' खाल्लं. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात उरते ती पेंड, आपण गुरांपुढे टाकतो तीच. नंतर तीही मिळेनाशी झाली.

शहराशेजारच्या झमझम छावणीत लाखो विस्थापित होते. तिथे ऑगस्ट २०२४मध्येच अन्नदुर्भिक्ष अधिकृतपणे जाहीर झालं होतं. सुदान बातम्यांत परतला तो चौदा महिन्यांनी.

गैरसमज : परदेशी संस्था आहेत की सांभाळायला

फार थोड्या आहेत. गल्लीबोळांत पोहोचले ते तिथलेच तरुण. बशीरविरुद्धच्या आंदोलनात मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या झाल्या होत्या; युद्ध पेटल्यावर त्यांतून 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' उभ्या राहिल्या. तिथे 'नफीर' नावाची जुनी रीत आहे, हाक द्यायची आणि अख्ख्या गावाने कामाला यायचं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच. त्या रीतीवर ही मुलं सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, जखमींना हलवतात, पाण्याची सोय करतात. दोन्ही बाजू त्यांना शत्रूचे हस्तक म्हणून पकडतात. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि यातल्या शेकडो चुली विझल्या. त्याच वर्षी या गटांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पुरस्कार चांगलाच, पण पिठाचं पोतं जास्त उपयोगी पडलं असतं.

गैरसमज : दीड लाख मेले

हा अंदाज अमेरिकेच्या एका माजी दूताचा, मोजणी नव्हे. लंडनच्या संशोधकांचा त्यातल्या त्यात काटेकोर अभ्यास पहिल्या १४ महिन्यांत एकट्या खार्टूम राज्यात ६१ हजारांहून अधिक मृत्यू सांगतो, त्यांतले २६ हजार हिंसेने. बाकीचे आजार, उपासमार यांसारख्या इतर कारणांनी. देशभराचा हिशेब कुणाकडेच नाही.

गैरसमज : आता जग जागं झालंय, म्हणजे शांतता येईल

मला सगळ्यांत घातक वाटतो तो हा. जग झोपलेलं कधीच नव्हतं. मे २०२३मध्ये जेद्दात दोन्ही बाजूंनी नागरिकांना वाचवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. ऑगस्ट २०२४मध्ये जिनिव्हातल्या वाटाघाटींकडे लष्कर फिरकलंच नाही. एल फाशेरचा वेढा उठवा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४मध्ये केला होता. शहर पडलं त्याच्या सोळा महिने आधी!

दारफुरवर तर २००४मध्येही जगाचं लक्ष होतं. अमेरिकेने तेव्हा त्याला वंशसंहार म्हटलं, पुढे शांतिसेना गेली, बशीरवर अटक वॉरंट निघालं. शांतिसेनेची मुदत २०२०अखेर संपली. जंजावीदांचा एक म्होरक्या दरम्यान जनरल झाला होता. तोच हेमेदती.

तरी थोडी आशा ठेवायला जागा आहे. १२ सप्टेंबर २०२५ला अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिराती यांनी मिळून आराखडा मांडला: आधी तीन महिन्यांचा मानवतावादी युद्धविराम, मग नऊ महिन्यांत मुलकी सरकारकडे वाटचाल, आणि त्या सरकारवर लढणाऱ्या कुणाचाच ताबा नको. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एका कागदावर आले, हे नवं. नोव्हेंबरमध्ये सौदी युवराजांच्या विनंतीवरून ट्रम्प यांनीही लक्ष घालायचं जाहीर केलं. पण बुरहानना अमिरातीची मध्यस्थी मान्य नाही, आणि स्वयंपाकघरं चालवणाऱ्यांना या चौघांच्या टेबलावर खुर्ची नाही.

आरएसएफने २४ नोव्हेंबरला तीन महिन्यांचा एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. ८ डिसेंबरला तिने हेग्लिगचं तेलक्षेत्र ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी हेगमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अली कुशैब या जंजावीद म्होरक्याला २० वर्षांची शिक्षा सुनावली. त्याचे गुन्हे २००३-०४ मधले होते.