चांदीची वायर आणि नागपूरचा उन्हाळा

अकरावीतला एक विद्यार्थी कानात घालायच्या इअरफोनची तुटलेली केबल घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या इअरफोनची केबल सुटी करून बदलता येते. सीताबर्डीच्या बाजारात त्याने दोन केबल पाहिल्या होत्या : एक तांब्याची, दुसरी ‘चांदीची’ आणि कितीतरी महाग. “चांदीने आवाज खुलतो म्हणतात. घेऊ का, सर?” साठवलेले सगळे पैसे त्यात जाणार होते. तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेबच मांडला.

तारेचा रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ. २०° सेल्सिअसला तांब्याची रोधकता १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर, तर चांदीची १.५९ × १०⁻⁸. केबल १.२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २.४ मीटर, छेद ०.०८ चौरस मिलिमीटर धरू. तांब्याचा रोध ०.५० ओहम येतो, चांदीचा ०.४८. इअरफोन ३२ ओहमचा असेल, तर आवाजाच्या पातळीत ०.०१ डेसिबलहूनही कमी फरक पडतो. कानाला अर्ध्या डेसिबलच्या आसपासचा फरक जेमतेम जाणवतो. शिवाय ‘चांदीची’ म्हणून मिळणारी केबल पुष्कळदा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच असते.

आणखी एक गंमत पाहा. तापमान १ अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो. नागपुरात जानेवारीत १५° आणि मे महिन्यात ४५° धरले, तर वाढ झाली १२ टक्के. तांबे आणि चांदी यांतला फरक जेमतेम ५ टक्के! उन्हाळ्यात आपल्या इअरफोनचा आवाज मंदावला, अशी तक्रार कोणी केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मग केबलने कधीच फरक पडत नाही का? पडतो. काही इअरफोनमध्ये एकाहून अधिक ध्वनिनिर्माते असतात आणि त्यांचा विरोध कंप्रतेनुसार बदलतो. समजा, तो एका कंप्रतेला ५ ओहम आणि दुसरीला ३० ओहम आहे. बारीक तारेच्या केबलचा रोध १ ओहम असेल, तर पहिला स्वर सुमारे १.६ डेसिबलने घटेल, दुसरा फक्त ०.३ ने. हा फरक ऐकू येऊ शकतो. पण त्यावर उपाय जाड तार हा आहे, चांदी नव्हे.

खरेदी करताना आधी इअरफोनकडचे टोक जुळते का ते पाहावे : ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना की गोल एमएमसीएक्स? दोन पिना एका कानात उलट बसल्या, तर गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता पसरट वाटतो. दुसरे टोक फोनला चालणारे हवे. केबल मऊ असावी आणि पिनेपाशी वाकली तरी तुटू नये. घामाने तांबे हिरवे पडते, म्हणून आवरण पक्के हवे.

वर्गात हे दोन प्रयोग करून पाहा. मल्टिमीटरची टोके एकमेकांना टेकवून येणारे वाचन नोंदवा आणि ते केबलच्या वाचनातून वजा करा. मग एकाचे डोळे बांधा. दुसऱ्याने नाणे उडवून केबल निवडावी आणि इअरफोन कानात घालून द्यावा; ऐकणाऱ्याने केबलला हात लावू नये. असे दहा वेळा करा. सात उत्तरे बरोबर आली म्हणून हुरळू नका : नुसत्या अंदाजानेही सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते. नऊ किंवा दहा येण्याची मात्र केवळ १ टक्का.

आमच्या विद्यार्थ्याची सहा आली. त्याने तांब्याची केबल घेतली.