सायलेन्सरमधली माती

सकाळी सव्वासहाला आमच्या गल्लीत एक गाडी सुरू झाली आणि दोन मिनिटांत अर्धी सोसायटी गॅलरीत आली. आवाजच तसा होता. ट्रॅक्टर आणि फटाक्यांची माळ एकदम सुरू करावी, तसा. मी चहाचं आधण गॅसवर तसंच सोडून बाहेर डोकावले, तर खाली आमचे व्हॅनकाका स्टिअरिंग धरून बसलेले, चेहरा पांढराफटक.

व्हॅनकाकांचं वय जेमतेम पस्तीस. पण शाळेची मुलं नेतात म्हणून काका. साठी ओलांडलेली मीसुद्धा त्यांना काकाच म्हणते. त्यांची पांढरी ईको सकाळी मुलं नेते, दुपारी एका केटररचे डबे आणि सुटीच्या दिवशी कुणाला जेजुरी, कुणाला नारायणपूर. गाडी कर्जाची. कर्जाचे कागद त्यांनी मला मागे एकदा दाखवले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक डॉक्टरसारखं वागवतात, येता-जाता कागद दाखवतात.

इंजिन फुटलं, असंच त्यांना वाटलं होतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला, गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकला आणि म्हणाला, ''इंजिन ठणठणीत आहे. सायलेन्सर नेला.''

गाडी उचलून नेतात, बॅटरी नेतात, पेट्रोल नळी घालून ओढतात, हे सगळं आपण ऐकलेलं. पण सायलेन्सर? ते काजळी धरलेलं लोखंड न्यायचं कुणी आणि कशासाठी? गॅरेजवाला हसला. ''लोखंडासाठी नाही हो मॅडम. आतल्या मातीसाठी.''

ही माती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. खरं तर तीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आलं. त्या काळात मी वाहनकर्जाच्या टेबलावर होते. कोटेशनवर हा शब्द यायचा, मी त्यावर शिक्का मारायची. आत काय असतं हे विचारायचं सुचलं नाही. आत असते चिनीमातीसारख्या पदार्थाची एक वीट. मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक आरपार छिद्रांची. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. इंजिनातून निघणारा विषारी धूर गरम लेपावरून जाताना बदलतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. म्हणूनच गाडी कितीही जुनी झाली तरी तिच्या पोटात ते काही ग्रॅम शिल्लक असतात, आणि वीट फोडून केलेल्या भुकटीला बाजारात 'माती' म्हणतात.

यातला ऱ्होडियम तर विलक्षण. जगातला बहुतेक साठा दक्षिण आफ्रिकेतून येतो. २०२१ साली सोन्याचा भाव औंसाला अठराशे डॉलरच्या आसपास होता तेव्हा ऱ्होडियम वीस हजारांच्या वर गेला होता. पुढे तो बराच उतरला, पण तोवर विद्या शिकून झाली होती. गुजरात, महाराष्ट्र, दिल्लीकडून ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ही गाडी जमिनीपासून उंच. खाली सरपटत जायला जॅकही लागत नाही. पाना सरावाचा असला की काही मिनिटांचं काम. आणि ईको घेतो कोण? भाजीवाला, डबेवाला, शाळेची व्हॅन चालवणारा. ज्यांना गाडी ठेवायला बंद गॅरेज नाही, असेच लोक. माझ्या पार्किंगमधल्या गाडीच्या वाटेला त्या रात्री कुणी गेलं नाही.

व्हॅनकाकांनी त्या दिवशी सव्वाशे फोन केले असतील. अकरा मुलांच्या आयांना. काही आयांनी रिक्षा केल्या, काहींनी ''मग आम्ही दुसरी व्हॅन बघू का?'' असं विचारलं. चूक त्यांचीही नाही. शाळेचं फाटक कुणासाठी थांबत नाही. विम्याचे कागद मीच मागून घेतले आणि बघितल्यावर गप्प बसले. कायद्याने बंधनकारक असतो तेवढाच, म्हणजे तृतीय पक्षाचा विमा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई; तुमची स्वतःची गाडी चोरीला गेली काय नि तिचा भाग गेला काय, त्यात छदाम नाही.

पूर्ण विमा असता तरी फार फरक पडला असता का? माझाच अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा डावा आरसा कुणीतरी मोटरसकट उपसून नेला. नव्याचं बिल सात हजारांचं. प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट, त्यातून सक्तीची वजावट हजार रुपये. हातात आले असते अडीच हजार. आणि एक दावा केला की पाच वर्षं सांभाळलेली पन्नास टक्क्यांची 'नो क्लेम' सवलत गेली, म्हणजे पुढच्याच हप्त्यात चार हजारांचा फटका. हा हिशोब मांडायला बँकेतली छत्तीस वर्षं लागत नाहीत. मी दावा केला नाही, तक्रारही केली नाही. अशा किती चोऱ्या आपण आपल्याच खिशात घालून गप्प बसतो!

या वेळी मात्र मी व्हॅनकाकांना घेऊन चौकीवर गेले. अर्धा दिवस मोडला. तिथला हवालदार सज्जन होता. म्हणाला, ''बाई, इंजिनावर नंबर असतो, चासीवर असतो. याच्यावर गाडीचा नंबर नसतो. उद्या सापडला तरी हा यांचाच, हे सांगणार कसं?'' मुद्दा बिनतोड होता. तरी त्याने तक्रार लिहून घेतली.

इंग्लंडात यावर एक उपाय केला, तो माझ्यातल्या बँकवालीला फार आवडला. २०१३ च्या कायद्याने तिथे भंगारवाल्याने रोख पैसे देऊन माल घेण्यालाच बंदी झाली. चेक किंवा खात्यावर जमा, आणि विकणाऱ्याची ओळख नोंदवायची. चोऱ्या त्याने संपल्या नाहीत, पण पैशाच्या मागे पाऊलखूण राहू लागली. आपल्याकडेही कायदा कच्चा आहे असं नाही. चोराला जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही माल घेणाऱ्यालाही तीनच वर्षं. जुन्या दंडविधानात हे होतं, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेतही आहे.

हे वाक्य लिहिताना मला १९९४ सालचा एक रविवार आठवतो. आमच्याकडे तेव्हा जुनी प्रीमियर पद्मिनी होती. ह्यांचा तिच्यावर जीव. एका लग्नाहून परतताना बघतो तो दोन चाकांच्या चकचकीत टोप्या नाहीत. नव्या महाग, म्हणून रविवारी सकाळी आम्ही जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पुणेकरांना सांगायला नको. गोणपाटावर टोप्या मांडून बसलेल्या माणसाने विचारलं, ''दोन का चार?'' घासाघीस करून आम्ही दोन घेतल्या आणि फार व्यवहारीपणा केल्याच्या आनंदात भेळ खाऊन घरी आलो. बसवताना एक टोपी उलटी केली, तर आतल्या बाजूला लाल नेलपॉलिशने काढलेलं अक्षर. 'सु'. कुणा सुमनने, सुनंदाने आपली वस्तू ओळखता यावी म्हणून काढलेलं. हे म्हणाले, ''आता कुठे शोधायचं तिला?'' मी काही बोलले नाही. टोपी बसवली. गाडी विकली तोवर ती तिथेच होती.

असो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॅनकाका घरी आले. नवा सायलेन्सर बिलासकट घ्यायचा, तर तीन हप्त्यांहून जास्त रक्कम. ''एक ओळखीचा आहे, जुना देतो म्हणतो. चौथ्या हिश्शात.''

''पावती देणार का?'' मी विचारलं.

''मॅडम, पावतीत बसून मुलं शाळेत जात नाहीत.''

मी त्यांना 'सु'ची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि खाली बघत राहिले. मग मी सांगितलं, जुना घेऊ नका, कमी पडतात ते मी देते, सवडीने फेडा. नव्याच्या किमतीला पुरतील एवढे पैसे पाकिटात घालून दिले. बँकेत असते तर कर्जदाराच्या हाती दमडी दिली नसती. थेट विक्रेत्याच्या नावे चेक आणि बिलाची प्रत फाइलला. ते पाकीट घेताना मला नमस्कार करून गेले.

दोन दिवसांनी ईको पुन्हा सुरू झाली. गुपचूप, पूर्वीसारखी. अकरापैकी नऊ मुलं परत आली. गाडीखाली आता लोखंडी पट्ट्यांची जाळी वेल्डिंग करून घेतली आहे. रात्री गाडी सोसायटीच्या फाटकाजवळच्या दिव्याखाली लागते, त्यासाठी कमिटीच्या बैठकीत मी भांडले. दर महिन्याच्या पाच तारखेला काका न चुकता हजार रुपये आणून देतात. मी त्यांना चहा करते. बिल दाखवा, असं अजून मी म्हटलेलं नाही आणि त्यांनीही ते आणलेलं नाही.