ढगातली माहिती, जमिनीवरचे पाणी

मोबाइलवर काढलेला फोटो ‘क्लाउड’मध्ये साठवला, असे आपण सहज म्हणतो. क्लाउड म्हणजे ढग. या नावामुळे मुलांना वाटते, की आपली माहिती कुठेतरी वर हवेत तरंगत असावी. प्रत्यक्षात ती जमिनीवरच, एखाद्या अवाढव्य इमारतीतल्या हजारो संगणकांमध्ये नोंदलेली असते. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. तिला जमीन लागते, रात्रंदिवस वीज लागते आणि बहुतेक वेळा पाणीही लागते. या तिन्ही गोष्टी स्वस्तात मिळाव्यात म्हणून ही केंद्रे शहरांपासून दूर, लहान गावांच्या शेजारी उभी राहू लागली. तेव्हा गावकरी विचारू लागले, ‘यात आम्हाला काय मिळणार, आणि आमचे काय जाणार?’ आज अनेक देशांत हा वाद चालू आहे. तो समजून घ्यायला शाळेतले विज्ञान बरेचसे पुरते. ते कसे, ते आपण पाहू.

वीज जाते कुठे?

पंख्याला दिलेल्या विजेतून पाती फिरतात, पंपाला दिलेल्या विजेतून पाणी वर चढते. मग संगणकाला दिलेल्या विजेचे काय होते? संगणक आकडेमोड करतो खरा, पण ऊर्जेच्या हिशोबात आकडेमोड ‘साठून’ राहत नाही. चिपमधून वाहणाऱ्या विजेची जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णतेत बदलते. म्हणजे एक किलोवॅट वीज घेणारा संगणक खोलीला एक किलोवॅटच्या शेगडीइतकाच तापवतो. मोठे डेटा सेंटर अशा हजारो शेगड्यांची एकच खोली असते. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांतच यंत्रे बंद पडू लागतील.

उष्णता बाहेर काढण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आपल्या घरात पूर्वीपासून आहे, ती म्हणजे माठ. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भातला वाळ्याचा कूलरही हेच करतो. अनेक डेटा सेंटरांचे शीतमनोरे, म्हणजे कूलिंग टॉवर, याच तत्त्वावर चालतात.

दीड लिटरचा हिशोब

एक लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला १० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी साधारण ३० अंश तापमानाला वाफ करून हवेत सोडायचे, तर सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. अठ्ठावन्न पट! म्हणूनच पाणी नुसते तापवून सोडण्यापेक्षा त्याची वाफ करणे फायद्याचे ठरते.

आता हिशोब करू. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. ५८० किलोकॅलरी म्हणजे सुमारे २४ लाख जूल. ३६ ला २४ ने भागले, की दीड येतात. याचा अर्थ असा, की डेटा सेंटरमध्ये खर्च झालेल्या प्रत्येक युनिटाची उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढायची, तर सुमारे दीड लिटर पाणी हवेत जाते.

५० मेगावॅटचे एक केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, असे धरू. ते दिवसाला १२ लाख युनिट वीज घेईल आणि तिच्या उष्णतेसाठी १८ लाख लिटर पाण्याची वाफ होईल. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशोबाने हे पाणी सुमारे ३३ हजार माणसांना पुरले असते.

हा आकडा जास्तीत जास्त वाफ धरून काढलेला आहे. थंडीच्या दिवसांत बाहेरची गार हवा आत घेऊनच काम भागते, तेव्हा पाणी कमी लागते. उलट, वाफ होताना क्षार मागे राहतात, ते साठू नयेत म्हणून मनोऱ्यातले काही पाणी मधूनमधून सोडून द्यावे लागते. तो खर्च वेगळाच.

यात एक गंमतीची, आणि गंभीरही, अडचण आहे. कोकणातल्या दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. हवा कोरडी असेल तिथे तो उत्तम चालतो. शीतमनोऱ्याचेही तसेच आहे. पण हवा कोरडी असते, तिथे बहुधा पाऊस कमी असतो आणि पाणीही तोलूनमापून वापरावे लागते.

द डॅल्सची गोष्ट

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी ‘द डॅल्स’ नावाचे सुमारे १६ हजार वस्तीचे गाव आहे. कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत असल्याने तिथे वर्षाला जेमतेम ३५ सेंटीमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा आपला दुष्काळी पट्टा डोळ्यांसमोर आणा. गावाभोवती चेरीच्या बागा आहेत.

१९५७ साली इथे मोठे धरण पुरे झाले. शेकडो पिढ्या जिथे आदिवासी लोक सामन मासे पकडत आले, तो सेलायलो धबधबा त्याच्या पाण्याखाली गेला. धरणाच्या स्वस्त विजेवर ॲल्युमिनियमचा कारखाना आला. पुढे तो बंद पडला आणि लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी, २००६ मध्ये, गूगलचे डेटा सेंटर इथे सुरू झाले. गावाने त्याचे स्वागत केले, हे स्वाभाविकच होते. मालमत्ता करात अनेक वर्षांची सूट मिळाली, त्या बदल्यात कंपनी गावाला ठरावीक रक्कम देऊ लागली. कारखान्याइतक्या नोकऱ्या मात्र अशा केंद्रात निर्माण होत नाहीत. बांधकाम चालू असेपर्यंत बरीच माणसे लागतात. नंतर एवढ्या मोठ्या इमारती थोडी माणसे सांभाळतात.

२०२१ मध्ये कंपनीने आणखी केंद्रे बांधायचे ठरवले. त्या वर्षी तिकडे दुष्काळ होता. एका वर्तमानपत्राने नगरपालिकेला साधा प्रश्न विचारला : गूगल किती पाणी वापरते? नगरपालिकेने उत्तर दिले नाही. हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे, असे तिचे म्हणणे होते. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने आकडे द्या म्हटल्यावर नगरपालिका उलट वर्तमानपत्राविरुद्धच न्यायालयात गेली. तेरा महिन्यांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. गावाला लागणाऱ्या एकूण पाण्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त पाणी एकट्या गूगलकडे जात होते, आणि पाच वर्षांत हा वापर जवळजवळ तिप्पट झाला होता.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. त्याच करारात कंपनीने गावाच्या पाणीयोजनेसाठी सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर देण्याचे आणि जुन्या कारखान्याच्या जागेबरोबर आलेले भूजलाचे हक्क गावाला देण्याचे कबूल केले. त्यामुळे गावाकडे पाणी उलट वाढेल, असे अधिकारी सांगत होते. कदाचित ते बरोबरही असेल. पण वापराचा आकडाच झाकलेला असताना हे म्हणणे तपासणार कसे? नगरपालिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये करार मंजूर केला. लोकांना आकडे मिळाले, ते त्यानंतर वर्षभराने. आम्हाला या गोष्टीत सर्वांत खटकते ते हेच.

पाणी वाचवले, तर वीज वाढते

मग पाण्याशिवाय थंड करता येणार नाही का? येईल. घरातल्या एअर कंडिशनरसारखी यंत्रणा वापरली, की वाफ करावी लागत नाही. पण तिला वीज जास्त लागते. ती वीज कोळशावर होत असेल, तर पाण्याचा खर्च टळत नाही, फक्त त्याची जागा बदलते. आपल्याकडे कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१५ मध्ये केला. म्हणजे वीज तयार करायला लागणारे पाणी हे डेटा सेंटरच्या दीड लिटरपेक्षाही जास्त असू शकते. परळीचे वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे आपल्याला आठवत असेलच.

मुंबई-नवी मुंबई हा आज देशातला डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पट्टा आहे. तिथल्या केंद्रासाठी पाणी कोणत्या नदीचे खर्च झाले, याचे उत्तर कदाचित दोनशे-तीनशे किलोमीटर दूर, एखाद्या वीजकेंद्राजवळ सापडेल.

वाटा मात्र आहेत. फिनलंडमधल्या हामिना इथे एका जुन्या कागद कारखान्याच्या इमारतीत समुद्राच्या पाण्यावर केंद्र थंड ठेवतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डग्लस काउंटीत सांडपाणी शुद्ध करून शीतमनोऱ्यांना देतात. यातली कोणती वाट कोणत्या गावाला परवडेल, हे तिथल्या हवेवर, पाण्यावर आणि विजेवर ठरते. एकच उत्तर सगळीकडे लागू पडणार नाही. म्हणूनच प्रत्येक ठिकाणचे आकडे तिथल्या लोकांसमोर, आणि निर्णयाच्या आधी, यायला हवेत. ते आले, तर ग्रामसभेत बसलेला कोणीही वरचा हिशोब करू शकेल.

वर्गात करण्यासारखे

१. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर ठेवा. दहा मिनिटांनी फरक नोंदवा. हाच प्रयोग पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात करा. फरक कधी जास्त येतो? का?

२. शाळेचे विजेचे बिल पाहा. महिन्याच्या युनिटांची उष्णता बाष्पीभवनाने काढायला किती लिटर पाणी लागेल?

३. आपल्या गावाच्या पाणीयोजनेतून रोज किती पाणी येते, ते ग्रामपंचायतीत विचारा. १० मेगावॅटचे डेटा सेंटर आले, तर त्यातला किती हिस्सा त्याला लागेल?

४. वर्गाचे तीन गट करा : शेतकरी, कंपनी, ग्रामपंचायत. ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी प्रत्येक गटाने इतर दोघांना पाच प्रश्न विचारावेत. उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत प्रश्न सोडू नये.