'हरकत'च्या पुढे काय होतं

सकाळी ७.१५. साताऱ्याच्या स्टँडवरून मेढ्याची एसटी सुटली. ओल्या कपड्यांच्या वाफेने काचा आतून पांढऱ्या झालेल्या. एरवी वाटेत कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, आज पावसात तेही दिसलं नाही. पिशवीत दोन पेन ड्राइव्ह, एक्स्टेन्शन बोर्ड आणि डबा. काल रात्री एका सोसायटीच्या सचिवांचा फोन आला होता. "सर, मशीन ठराव खातंय. उद्याच या."

८.३०. ऑफिस उघडायला वेळ होता. वेण्णा भरून वाहतेय, लावणी अंगावर आहे. मेढ्यात या दिवसांत कागदाच्या कामाला माणूस मिळणं मुश्कील. तरी कुलूप निघायच्या आधीच एक सभासद दारात येऊन थांबले होते, प्लॅस्टिकचा कागद पांघरून. हातात ठरावाची छापील नक्कल.

९.४०. त्या नकलेवरूनच सगळं पेटलं होतं. आपल्या शेताकडे जाणाऱ्या वाटेसाठी त्यांनी सोसायटीच्या जागेतून दहा फूट मागितले होते. ठराव ऐसपैस सुरू होतो, गट, चतुःसीमा, अर्जाची तारीख सगळं सांगतो आणि शेवटी म्हणतो, "...वाट देण्यास या सभेची हरकत". बस. पुढे कोरा कागद.

"हरकत कुणी घेतली तेवढं सांगा," ते म्हणाले. सचिव म्हणाले, "अण्णा, कुणीच नाय घेतली. मशीननं घेतली."

इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो. शेपूट कापलं तरी निकाल हाती राहतो. आपल्याकडे 'आहे' की 'नाही' हे अगदी शेवटी कळतं. सोसायटीच्या भाषेत तर त्याआधी चार 'सदरहू' आणि दोन 'त्याअर्थी' ओलांडावे लागतात. मशीनने नेमका निकालच खाल्ला होता.

१०.०५. आधी फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर. ॲक्सेस डेटाबेसमधलं काम आहे आणि बाहेर लाइट लपंडाव खेळतेय; कॉपीशिवाय हात लावायचा नाही.

मग फॉर्म बाजूला ठेवून थेट टेबल उघडलं. मजकूर दिसत नाही याचे दोन अर्थ होतात: आत आहे पण दिसत नाही, किंवा आतच नाही. फॉर्मकडे कितीही बघत बसलं तरी हे कळत नाही. ठरावाचं फील्ड 'लाँग टेक्स्ट' होतं. २०१३ च्या आवृत्तीआधी यालाच 'मेमो' म्हणत. हाताने टाइप केलं तरी यात ६५,५३५ अक्षरं मावतात. म्हणजे भांडं मोठं होतं. 'लेन' फंक्शन लावून प्रत्येक ठरावाची लांबी काढली. बरेच ठराव हजाराच्या पुढे, सुखरूप. पण तेहेतीस ठरावांची लांबी एकसारखी, २५५.

एका बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २५५. 'शॉर्ट टेक्स्ट'ची हद्द तीच. त्यात आपल्या लिपीचा हिशोब वेगळा: 'मेढा' डोळ्याला दोन अक्षरं, मशीनला चार. 'क्षेत्र' दोन, पण मशीन सात मोजतं. पाय मोडल्याचंही एक धरतं. २५५ मध्ये सोसायटीच्या मराठीचे चाळीसेक शब्द बसतात. तेवढ्यात प्रस्तावनासुद्धा होत नाही.

११.२०. टेबलात सुखरूप असलेले ठरावही फॉर्ममध्ये तुटकेच दिसत होते. का? फॉर्मच्या मागची क्वेरी उघडली. कुणीतरी दुबार नोंदी नकोत म्हणून तिथे बेरजेचं चिन्ह दाबून 'ग्रुप बाय' लावलं होतं. दुबार ओळखायला मजकूर ताडून पाहावा लागतो आणि ॲक्सेस तो २५५ पर्यंतच ताडतं. पुढचं गाळतं, तेही गुपचूप. एरर येत नाही. ठरावाच्या रकान्यात 'ग्रुप बाय'च्या जागी 'फर्स्ट' केलं. फॉर्मवरच्या मजकुराच्या खिडकीच्या फॉरमॅटमध्ये '@' होतं, तेही अशीच कात्री चालवतं, पुसलं. उभा स्क्रोलबार दिला.

टाइप करणाऱ्या ताईंनी शिफ्ट धरून एफ-टू दाबलं. मजकूर मोठ्या खिडकीत उघडला. "अगं बाई, हे तर सगळं हाय की!"

वाटेचा ठराव मात्र 'हरकत'वरच.

१२.३०. लाइट गेली. भाकरी, चटणी. अण्णाही थांबले, घरी जायला तयार नव्हते.

२.१०. तेहेतीस ठरावांचं मूळ एका जुन्या एक्सेल फाइलीत निघालं. ती कपाटात, पावतीपुस्तकांच्या खाली, एका पेन ड्राइव्हवर होती. एक्सेलच्या एका खान्यात ३२,७६७ अक्षरं मावतात, तिथे मजकूर २५५ वर कापलेला नव्हता. गळती आयात करताना झाली. रकाना कसला आहे हे ठरवायला मशीन पहिल्या आठ ओळी बघतं. त्या आठही ओळी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' छापाच्या. मशीनने रकाना आखूड धरला आणि खालचे लांब ठराव छाटले. पहिल्या आठांवरून गावाची परीक्षा करणारे पाहुणे असतात, त्यातला प्रकार.

इलाज गावठी आहे, पण चालतो: सगळ्यात वर एक खोटी ओळ, तीनशेच्या वर अक्षरांची. मी त्यात 'मेढा' शंभर वेळा चिकटवलं. आयात केली, खोटी ओळ काढून टाकली. तेहेतीसच्या तेहेतीस लांब झाले.

४.००. तरी मशीनवर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. प्रोसिडिंग बुक काढलं. ताई पडद्यावरचं वाचणार, सचिव वहीत बोट फिरवणार, शेवटच्या क्रियापदापर्यंत. कंटाळवाणं काम, पण याला दुसरा उपाय मला ठाऊक नाही. दोन ठिकाणी एक्सेलमध्येच ओळ राहून गेली होती, ती वहीवरून भरली.

५.१०. वाटेच्या ठरावाची नवी नक्कल छापली. अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं: "...या सभेची हरकत नाही." मान हलवली. मग पुढचं आलं: "मात्र सदर वाट कायम वहिवाटीची समजण्यात येऊ नये व संस्थेस जागेची गरज लागल्यास ती मोकळी करून द्यावी."

"हे 'मात्र' कुणी घातलं?"

सचिवांनी उत्तर दिलं नाही. वही त्यांच्याकडे फिरवली आणि ठरावाच्या खाली, अनुमोदक लिहिलं होतं त्या ओळीवर बोट ठेवलं. सही अण्णांचीच होती.

मी पिशवी उचलली. साडेपाचची एसटी गाठायची होती.