न गंजणाऱ्या गाडीचा गंज

फायबरग्लासला गंज लागत नाही, तेव्हा अशी जुनी गाडी घरी दुरुस्त करणे निर्धोक, हा समज फसवा आहे. १९६२ची ब्रिटिश ‘लोटस एलान’ घ्या. तिची बॉडी फायबरग्लासची. पण इंजिन आणि चाकांचा भार पेलणारा कणा पोलादी पत्र्याचा. त्याचा पुढचा पोकळ आडवा भाग निर्वात टाकीचेही काम करतो. सुरुवातीच्या गाड्यांत त्याच ओढीने पुढचे दिवे वर येत. ते आपोआप मिटू लागले, तर नळीबरोबर कणाही तपासावा; तिथे गंजून भोक पडलेले असू शकते.

बॉडीवरचे तारकाकृती तडे नुसत्या पुट्टीने झाकले तर पुन्हा उमटतात. ते घासून, मागून काचतंतूंची मॅट आणि रेझिन बसवावे लागते. पण आधी बॉडी उचलून कणा पाहावा. रंग पुढच्या दिवाळीला दिला तरी चालेल; गंजलेल्या कण्यावर गाडी रस्त्यावर आणू नये.