मुलगा होवो की मुलगी, नाव एकच! पण कागदावर घोळ होऊ देऊ नका

किरण, शीतल, स्नेहल, हर्षल... दोघांनाही चालणारी नावं ठेवताना काय पाहावं?

सुनेला दिवस गेले की घरात नावाची चर्चा सुरू होते. आत्या मोबाईलवर नावं शोधायला लागते, आजी देवाचं नाव सुचवते, आजोबा म्हणतात आधी बाळ तर येऊ द्या. पूर्वी मुलाची वेगळी आणि मुलीची वेगळी अशी यादी व्हायची. हल्ली काही जोडपी एकच नाव ठरवून ठेवतात. मुलगा झाला तरी तेच, मुलगी झाली तरी तेच.

यात चांगली गोष्ट आहे. गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. एकच नाव ठरवणाऱ्या घराला ते विचारायची गरजच राहत नाही. जे येईल त्याचं स्वागत, असाच त्याचा अर्थ. याच्या उलट टोक आपल्याकडेच पाहायला मिळालं. मुलगी नको होती म्हणून तिचं नाव 'नकुशी' ठेवलं जायचं. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा अडीचशेहून जास्त मुलींना कार्यक्रम घेऊन नवी नावं देण्यात आली. नाव माणसाला आयुष्यभर चिकटतं, ते असं.

ही नावं नवीन नाहीत

दोघांना चालणारी नावं शहरातून आली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गावोगावी मंगल नावाच्या काकू सापडतात, आणि १८५७ च्या उठावातले मंगल पांडे हे पुरुष. आपल्याकडे कमल म्हटलं की आजी आठवते, तर तमिळ अभिनेते कमल हासन. किरण मोरे भारताचे यष्टिरक्षक होते आणि किरण बेदी पोलीस अधिकारी. जुने संगीतकार स्नेहल भाटकर पुरुष होते, आता स्नेहल नावाच्या मुलीही भरपूर. सांगली-कोल्हापूरकडे जैन समाजात शीतल नावाचे पुरुष भेटतात, कारण शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर. इतर ठिकाणी शीतल म्हणजे मुलगीच समजतात.

कारण सोपं आहे. किरण, कमळ, शीतलता, स्नेह या निसर्गातल्या किंवा गुणाच्या गोष्टी आहेत. शेवटी 'आ' किंवा 'ई' लागली की नाव मुलीचं होतं: मानस-मानसी, ईशान-ईशानी. ती लागली नाही की नाव दोघांना मोकळं राहतं.

बोलताना घोळ नाही, कागदावर आहे

मराठीत बोलताना गोंधळ होतच नाही. 'किरण आला' की 'किरण आली', तिथेच कळतं. पूर्वी नावापुढे राव किंवा बाई लागायचं, आता दादा-ताई लागतं. शीख समाजात गुरप्रीत, हरप्रीत ही नावं दोघांची असतात, पण पुढे सिंग किंवा कौर लागलं की फरक कळतो. नांदेडकडच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे.

कागदावर मात्र क्रियापद नसतं. तिथे स्त्री-पुरुष असे चौकोन असतात, आणि भरणारा नावावरून अंदाज करून खूण करतो. इंग्रजीत तर आणखी अडचण. आर्य आणि आर्या ही मराठीत दोन नावं, पण इंग्रजी स्पेलिंग बहुतेक वेळा एकच होतं.

चूक लहान वाटते, पण पुढे अडते. 'लेक लाडकी' योजनेचंच घ्या. पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डाच्या घरात १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळण्याची ही योजना. मुलीच्या दाखल्यावर चुकून 'पुरुष' पडलं, तर आधी दुरुस्तीसाठी हेलपाटे मारावे लागतील. आधारवर लिंगाची दुरुस्ती आयुष्यात एकदाच करता येते, नावाची दोनदा.

आता नाव चार भागांचं

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर असं लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. समजा वडील किरण, आई शीतल आणि बाळ हर्षल. मग नाव झालं 'हर्षल शीतल किरण जाधव'. यात आई कोण, वडील कोण आणि बाळ मुलगा की मुलगी, हे अनोळखी माणसाला कळणार नाही. नाव चुकीचं नाही, पण अशा घराने प्रत्येक अर्ज दोनदा तपासलेला बरा.

आडनावासारखी नावं

इंग्रजांकडे टेलर, कूपर, पार्कर ही मुळात धंद्यावरून पडलेली आडनावं आता मुला-मुलींची नावं झाली आहेत. आपल्याकडे पाटील, देशमुख ही कामावरून आलेली, तर 'कर' लागलेली बरीच आडनावं गावावरून आलेली. ती कुणी बाळाला नाव म्हणून ठेवत नाही. पण वीर, देव, राजे हे शब्द आडनाव म्हणूनही चालतात आणि नाव म्हणूनही. असं नाव ठेवलं तर ऑनलाइन अर्जात ते आडनावाच्या रकान्यात जाऊ शकतं. सेवा केंद्रात अर्ज भरताना स्क्रीनकडे स्वतः बघा.

नोंद करताना हे लक्षात ठेवा

- जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नोंद जिथे बाळंतपण झालं तिथेच होते. सून माहेरी बाळंत झाली तर दाखला माहेरच्या भागातच मिळणार.
- नाव ठरलं नसेल तर घाई नको. आधी नावाशिवाय नोंद होते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.
- पंचांगातल्या अक्षराचं नाव वेगळं निघालं तर ते नावरस म्हणून घरात ठेवा. कागदावर एकच नाव.
- इंग्रजी स्पेलिंग बारशाच्या आधी वहीत लिहून ठेवा. शीतलमध्ये 'आय' की दोन 'ई', हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच द्या.
- दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: नाव, लिंग, तारीख, आई-वडिलांची नावं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी, लग्नाची नोंद या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. नंतर हौसेने नाव बदलायचं म्हटलं तर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. म्हणून पहिलाच कागद नीट हवा.

नाव किरण ठेवा, हर्षल ठेवा नाहीतर आजीच्या आवडीचं कमल ठेवा. बाळ यायच्या आधीच, मुलगा की मुलगी न बघता, त्याच्यासाठी नाव तयार आहे, यातच घरच्यांचं मन दिसतं. फक्त आत्याने कानात जे नाव सांगितलं, तेच दाखल्यावर आलंय ना, एवढं बघा.